आवाज मोठा नको, नीट हवा: स्वस्त डिजिटल इक्वलायझरबद्दल माझं स्पष्ट मत



साऊंड सिस्टीम भाड्याने देण्याच्या धंद्यावर आपण व्हिडिओ केला, त्यानंतर दुकानात पाच-सहा पोरं येऊन गेली. कोणी मुद्रा लोनचा फॉर्म घेऊन, कोणी वडिलांनी दिलेले पैसे घेऊन. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच. "दादा, सुरुवातीला किती वॅटचा सेट घेऊ?"

हा प्रश्नच चुकीचा आहे, असं माझं मत आहे. आणि हे मत मला फुकट मिळालेलं नाही, त्याचे हप्ते भरलेत मी.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातल्या एका मंगल कार्यालयाचं सीझनचं काम माझ्याकडे होतं. पत्र्याचं छत, तिन्ही बाजूंनी प्लॅस्टर केलेल्या भिंती, खाली फरशी. म्हणजे आवाजाच्या दृष्टीने मोठं पातेलंच. तिथले मालक, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, दर लग्नानंतर एकच सांगायचे, "आवाज लांबपर्यंत जातोय रे, पण भटजी काय म्हणतायत ते कळत नाही." मी तेव्हा नवीन नवीन बीबीए करून दुकानात बसलेलो. डोक्यात मार्केटिंग, ब्रँडिंग. मला वाटलं, कळत नाही म्हणजे आवाज कमी पडतोय. ६८ हजारांचा मोठा ॲम्प्लिफायर १८ हप्त्यांवर उचलला.

नवीन ॲम्प लावून तिसरंच लग्न. मंगलाष्टका सुरू. मी मास्टर वर केला आणि माईकने अशी शिट्टी मारली की नवरीच्या आजीने दोन्ही कान धरले. अंतरपाट धरलेले मामा माझ्याकडे बघायला लागले. मी घाबरून आवाज खाली घेतला तर मागच्यांना ऐकूच येईना, वर घेतला की परत शिट्टी. शेवटच्या दोन मंगलाष्टका बायकांनी माईकशिवाय म्हटल्या. नवरीच्या वडिलांनी निम्मे पैसे दिले, आणि ते चुकीचे नव्हते. तात्यांनी पुढच्या सीझनला दुसरा माणूस बघितला. हप्ते मात्र माझेच राहिले.

त्यानंतर मी एक जुना, वापरलेला डिजिटल इक्वलायझर घेतला, साडेबारा हजारांना. आणि खरं सांगतो, पहिले तीन महिने त्याने आवाज आणखी बिघडवला. म्हणजे त्याने नाही, मी बिघडवला.

कसा, ते सांगतो. कारण तुम्हीही हेच करणार आहात.

डब्बा उघडला, स्क्रीनवर ३१ पट्ट्या दिसल्या. डावीकडे २० हर्ट्झ, उजवीकडे २० हजार हर्ट्झ. डावीकडच्या पट्ट्या वर, उजवीकडच्या वर, मधल्या खाली. हसणाऱ्या तोंडासारखा आकार. दुकानात पाच मिनिटं ऐकायला भारी वाटलं. बेस दणकतोय, झांज चमकतेय. कार्यालयात नेल्यावर माणसाचं बोलणं गायब. कारण माणसाचं बोलणं मधे असतं! जे ऐकायला लोक आलेत तेच मी खाली ओढून ठेवलेलं. वरून पाठीमागे सतत "स्स्स" असा आवाज. आणि महिनाभरात एका बॉक्सचा हॉर्न गेला. त्याचा डायफ्राम बदलायला अठराशे रुपये.

मी सगळ्यांना सांगत सुटलो की स्वस्त डिजिटल युनिट म्हणजे कचरा. आज मला त्या बोलण्याची लाज वाटते.

आधी लेव्हल, मग पट्ट्या

बजेटमधल्या डिजिटल इक्वलायझरमध्ये "स्स्स" येतो, आवाज फाटतो, पातळ लागतो, अशा तक्रारी असतात. माझ्या अनुभवात त्यातल्या बहुतेक तक्रारी इक्वलायझरच्या नसतातच. मिक्सर, इक्वलायझर आणि ॲम्प यांच्या लेव्हल एकमेकांशी जुळवलेल्या नसतात, एवढंच.

जुन्या ॲनालॉग मिक्सरवर लाल दिवा जरा लुकलुकला तरी फार बिघडत नाही. डिजिटलला मात्र छत असतं. शून्य डीबी म्हणजे छत, त्याच्या वर काहीच नाही. सिग्नल तिथे धडकला की लाटेचं डोकं सपाट कापलं जातं. कापलेल्या लाटेत नको असलेले वरचे सूर तयार होतात आणि ते जातात हॉर्नमध्ये. माझा हॉर्न असाच गेला. ॲम्पने नाही, मी आधीच फाडून पाठवलेल्या सिग्नलने.

उलट बाजूने पण तेवढाच त्रास. मिक्सरचा आवाज अगदी बारीक, इक्वलायझरचं मीटर तळाशी, आणि ॲम्पची नॉब पूर्ण उघडी. कागदावर २४ बिटचं युनिट १४४ डीबीची रेंज देतं, एका बिटला साधारण ६ डीबी. तुम्ही सिग्नल ४० डीबी खाली चालवला तर सहा-सात बिट तिथेच वाया गेले. शिवाय युनिटची स्वतःची जी थोडी खरखर असते ती ॲम्प मोठी करून लोकांना ऐकवतो. मग आपण म्हणतो, युनिट स्वस्त आहे.

मी आता काय करतो, तर आधी ॲम्प पूर्ण बंद. मिक्सरवर ओळखीचं गाणं लावून, किंवा कोणाला तरी माईकवर जोरात बोलायला लावून, मिक्सरचं मीटर शून्याच्या आसपास आणतो. इक्वलायझरच्या मीटरवर सगळ्यात मोठा ठोका छताच्या खाली १० डीबीच्या आसपास राहील असं बघतो. काही युनिटच्या पाठीमागे इनपुटची क्षमता बदलायचा बारका स्विच असतो. बेहरिंगरच्या डीईक्यू २४९६ वर, जो या वर्गातला सगळ्यात ओळखीचा डबा म्हणायला हरकत नाही, तो +१२ आणि +२२ असा आहे. हा स्विच लोक आयुष्यात एकदाही बघत नाहीत. मिक्सर ताकदीचा असेल तर +२२, सिग्नल बारीक असेल तर +१२. हे सगळं जुळलं की मग ॲम्प चालू करायचा आणि हॉलला लागेल तेवढीच नॉब उघडायची. पूर्ण उघडलेली नॉब म्हणजे पूर्ण पॉवर, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. ती नॉब फक्त ॲम्प किती सिग्नलला किती उसळेल ते ठरवते.

मोबाईल किंवा लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून सरळ इक्वलायझरमध्ये वायर घालणारे पण खूप आहेत. घरगुती सामानाची लेव्हल आणि स्टेजच्या सामानाची लेव्हल यात साधारण १२ डीबीचा फरक असतो. मधे मिक्सर घ्या. 

आता वायरवर एकच मुद्दा सांगतो, कारण यावर मला राग येतो. "घूंऽऽ" असा आवाज येतोय म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापणारे साऊंडवाले मी डोळ्यांनी बघितलेत. असं कधीही करू नका. पावसात, ओल्या मांडवात माईक हातात धरलेल्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे तो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घूं पण ५० आणि १०० हर्ट्झवर येते. ती इक्वलायझरने कापायची गोष्टच नाही. मिक्सर, इक्वलायझर आणि ॲम्प एकाच बोर्डवरून चालवा, बॅलन्स्ड एक्सएलआर वायर वापरा, तरी राहिली तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा ग्राऊंड लिफ्ट असलेला डीआय लावा. झालं.

भिंतीशी भांडायचं नाही

आता जे सांगतो ते ऐकून इक्वलायझर विकणारे माझे दुकानदार भाऊ रागावतील. हॉलची निम्मी दुरुस्ती बॉक्स उचलून दुसरीकडे ठेवण्यात आहे, आणि ती फुकट आहे.

साधा हिशोब बघा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. बॉक्स पाठीमागच्या भिंतीपासून एक मीटरवर ठेवला, तर भिंतीवर आपटून येणारा आवाज दोन मीटर जास्त फिरून येतो. साधारण ८६ हर्ट्झला हे दोन मीटर बरोबर अर्धी लाट होतात. म्हणजे सरळ गेलेला आवाज आणि आपटून आलेला आवाज एकमेकांना खातात. तिथे बेसमध्ये खड्डा पडतो. हा खड्डा ८० हर्ट्झची पट्टी वर करून भरत नाही. तुम्ही जेवढा वर कराल तेवढाच आपटून येणारा पण वाढतो आणि परत खातो. ॲम्प तापतो, वूफर धापा टाकतो, खड्डा आहे तिथेच. बॉक्स फूटभर पुढेमागे करा, खड्ड्याची जागा बदलते. लहान बॉक्स असेल तर सरळ भिंतीला चिकटवून बघा, कधी कधी तेच बरं पडतं.

तसंच घुमणं. पत्र्याच्या कार्यालयात टाळी वाजवली की ती दोन सेकंद फिरत राहते. कोणताही इक्वलायझर, लाखाचा असो की साडेबारा हजारांचा, ही टाळी थांबवू शकत नाही. इक्वलायझर सूर कमी-जास्त करतो, वेळ कमी करत नाही. तिथे मागच्या भिंतीला जाड पडदे, खाली सतरंज्या, आणि मुख्य म्हणजे बॉक्सचं तोंड माणसांकडे, पत्र्याकडे नाही. बॉक्स डोक्यांच्या वर चढवून जरा खाली वाकवायचा. आणि लांब हॉल असेल तर पुढच्या दोन बॉक्सवर सगळा भार टाकण्यापेक्षा मधे दोन लहान बॉक्स लावून ते मंद चालवायचे. मधल्या बॉक्सना डिले द्यायला विसरू नका, मीटरला साधारण २.९ मिलिसेकंद. १५ मीटरवर बॉक्स असेल तर ४४ मिलिसेकंद. बहुतेक डिजिटल प्रोसेसरमध्ये ही सोय असते. नाहीतर मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि तो म्हणतो आवाज फाटतोय.

तात्यांच्या कार्यालयात मी सगळ्यात आधी बॉक्स स्टेजच्या मागून काढून माईकच्या पुढे आणले. शिट्टी निम्मी तिथेच गेली. ही अक्कल ६८ हजारांच्या आधी आली असती तर!

ऑटोचं बटण आणि माझी फजिती

बऱ्याच डिजिटल युनिटमध्ये ऑटो इक्यू असतं. मोजमापाचा माईक लावा, "शूऽऽ" असा पिंक नॉइज सोडा, बटण दाबा, युनिट स्वतः पट्ट्या हलवून सगळं सपाट करून देतं. जाहिरातीत फार सोपं वाटतं. मी पण दाबलं. निकाल: वरचे सूर सुईसारखे, आणि बेसचा एक खड्डा भरायला युनिटने पट्टी पार वर नेलेली.

मशीनची चूक नाही. त्याला सांगितलं एका जागेवर सपाट कर, त्याने केलं. पण बसायची जागा दोन खुर्च्या सरकली की खड्डे आणि डोंगर बदलतात. आणि लांबून ऐकताना वरचे सूर सपाट असले तर कानाला टोचतात, ते हळूहळू उतरते असलेलेच बरे लागतात. म्हणून मी मोजमापाचा उपयोग एक्स-रेसारखा करतो. माईक पाच-सहा जागी फिरवतो, आलेख बघतो. जो डोंगर सगळ्या जागी दिसतो तो खरा, तो कापायचा. जो एकाच जागी दिसतो त्याला हात लावायचा नाही. खड्ड्यांना तर अजिबात नाही.

यासाठी लाखाचं सामान लागत नाही. मोजमापाचे साधे माईक मिळतात, बेहरिंगरचा ईसीएम ८०००, मिनीडीएसपीचा यूएमआयके-१ वगैरे. लॅपटॉपवर आरईडब्ल्यू म्हणजे रूम इक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मोबाईलची ॲप मधल्या सुरांसाठी चालतील, पण बेसचा निर्णय मोबाईलच्या माईकवर घेऊ नका, त्याला खालचं नीट ऐकूच येत नाही.

कापा. वाढवू नका.

सगळ्या लेखातून एकच गोष्ट घरी नेणार असाल तर ही न्या. ३ डीबी वाढवलं की ॲम्पला दुप्पट पॉवर द्यावी लागते. ६ डीबीला चौपट. १० डीबीला दहापट. म्हणजे ५० हर्ट्झची पट्टी तुम्ही सहज बोटाने ६ डीबी वर केली, तर जिथे १०० वॅट लागत होते तिथे ४०० मागितले. कुठून येणार? बारा इंची वूफर तेवढा हलेपर्यंत जळतो. शिवाय डिजिटलच्या छताखाली जी जागा आपण राखून ठेवली होती ती पण संपते. 

म्हणून मी उलटं करतो. बेस कमी वाटतोय? आधी २०० ते ४०० च्या मधला जो घोळ आहे, डब्यात बोलल्यासारखा, तो रुंद पट्ट्याने ३ डीबी कापतो. खालचा बेस आपोआप मोकळा होतो आणि बोलणं पण सुटसुटीत होतं. पत्र्याच्या हॉलमध्ये हा एकच कट माझं निम्मं काम करतो.

बोलण्याच्या माईकला ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं काही लागत नाही. तिथे फक्त स्टेजवरच्या पायांचा धडधडाट, पंख्याचा वारा आणि माईकवर ठोकून "हॅलो, चेक" म्हणणारे काका असतात. ते कापा, पण मिक्सरवर त्या माईकच्या चॅनेलला, मेन इक्वलायझरवर नाही. हा फरक फार जणांना कळत नाही. मेनचा इक्वलायझर हॉलसाठी आणि बॉक्ससाठी, चॅनेलचा इक्यू त्या त्या आवाजासाठी. भटजींचा आवाज जाड आहे म्हणून मेनवर कापलं तर सनई पण पातळ होते.

शब्द कळण्याचा भाग २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये असतो, तो जपा. स, श, च यांचा सिसकारा ५ ते ८ हजारात. मी टेस्टिंगला इंग्रजी वन-टू-थ्री म्हणतच नाही. "शुभमंगल सावधान" म्हणतो, चार वेळा. त्यात श आहे, स आहे, भ आणि ध चा दणका आहे, ग आणि व चा मऊपणा आहे. शेवटच्या रांगेत उभ्या पोराला हे स्पष्ट ऐकू आलं, आणि श-स कानाला टोचला नाही, तर तो हॉल तयार.

सप्ताहाच्या कीर्तनाला वेगळं. तिथे खरी मारामारी टाळ आणि महाराजांच्या आवाजाची. तीस-चाळीस टाळकरी उभे, टाळांची धार नेमकी शब्द कळण्याच्या भागात आणि त्याच्या वर. तिथे पट्टी कापून टाळ कमी करायला जाल तर महाराजांचे शब्द पण जातील. टाळांना माईकच देऊ नका, ते असेच ऐकू येतात! महाराजांचा माईक तोंडाजवळ, पखवाजाला एक, पेटीला एक. इक्वलायझरपेक्षा माईक कुठे नाही ठेवायचा हे जास्त महत्त्वाचं.

शिट्टी काढायची पद्धत सांगतो. हॉल रिकामा असताना माईक चालू करून हळूहळू आवाज वर न्यायचा. पहिली जी "ऊऽऽ" सुरू होईल तिथे थांबायचं. घूमघूम "ऊ" असेल तर २५० ते ५०० च्या आसपास बघा, तोंडाने वाजवतो तशी शिट्टी असेल तर हजारच्या वर, सुईसारखी असेल तर आणखी वर. युनिटच्या आरटीएवर तो सूर काडीसारखा उभा दिसतो, त्यामुळे अंदाज चुकला तरी डोळ्याला कळतं. तिथे बारीक कट, ३ डीबी. परत आवाज वर. दुसरी शिट्टी, दुसरा कट. तीन, फार तर चार. तिथे थांबा. दहा-बारा पट्ट्या कापल्या तर तुम्ही शिट्टी काढली नाही, नुसता आवाज कमी केला, आणि तो एका नॉबने पण झाला असता. नंतर मास्टर पाच-सहा डीबी खाली घेऊन कामाला लागायचं.

आणि हो, माणसं भरली की हॉल बदलतो. अंगावरचे कपडे, शालू, शेरवान्या वरचे सूर पितात. रिकाम्या हॉलमध्ये जरा चकचकीत वाटणारा आवाज भरल्यावर बरोबर होतो. म्हणून रिकाम्या हॉलमध्ये वरचं फार कापू नका, पंगत बसल्यावर एकदा मागे चक्कर मारून या.

मग स्वस्त आणि महागात फरक काय?

आहे ना. स्वस्त युनिटचा ॲनालॉग भाग साधा असतो, खरखर थोडी जास्त. नॉब दोन-तीन वर्षांत उड्या मारायला लागते. उन्हाळ्यात मांडवात तापतं. जनरेटरवर व्होल्टेज नाचला तर हँग होऊ शकतं, म्हणून मी छोटा यूपीएस लावतो. जुनं घेताना सगळी बटणं, स्क्रीनच्या कडा, दोन्ही चॅनेल अर्धा तास चालवून बघा, गरम झाल्यावर बघा. विकणारा घाईत असेल तर सोडून द्या.

स्टुडिओसाठी किंवा घरच्या सिस्टीमसाठी वापरणार असाल तर एक युक्ती आहे. टीव्ही किंवा लॅपटॉपच्या ऑप्टिकल आऊटमधून डिजिटलच आत घ्या, डिजिटलच बाहेर काढा, आणि पुढे चांगल्या डॅकला द्या. युनिटचा कच्चा भाग म्हणजे त्याचे ॲनालॉग दरवाजे, त्यातून जायचंच नाही. फक्त सेटिंगमध्ये क्लॉक इनपुटवर ठेवा, नाहीतर टिक-टिक ऐकू येते. पण कार्यालयात, हजार माणसांच्या गोंगाटात, त्या खरखरीचा फरक कोणालाही कळत नाही. तिथे महाग युनिटसाठी कर्ज काढू नका असंच मी सांगेन.

आता धंद्याचं

माझ्या मते साऊंडच्या धंद्यात वॅट विकणं म्हणजे शेजाऱ्याशी भाव पाडायची शर्यत लावणं. तुमच्याकडे चार बॉक्स, त्याच्याकडे सहा, तो दोन हजार कमी सांगणार. "शेवटच्या रांगेला शब्द कळेल" हे विकणारा मात्र तालुक्यात सापडत नाही. मी आता कोटेशनमध्ये ट्यूनिंगची वेगळी ओळ लिहितो. आदल्या दिवशी दीड तास हॉलवर जातो, सेटिंग करून त्या कार्यालयाच्या नावाने मेमरीत ठेवतो. पुढच्या वेळी त्याच हॉलला दहा मिनिटांचं काम. डीईक्यू २४९६ सारख्या युनिटमध्ये ६४ जागा असतात, तेवढी कार्यालयं आपल्या दोन तालुक्यांत मिळून नसतील. ही मेमरी म्हणजे तुमच्या दुकानाची मालमत्ता आहे, कागदावर पण लिहून ठेवा. एकदा माझ्याकडच्या पोराने चुकून दोन सेटिंग पुसली होती.

गिऱ्हाइकाला बायपासचं बटण दाबून आधी आणि नंतरचा फरक ऐकवा, पण इमानदारीने. दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी हवी. नुसता २ डीबी मोठा केला तरी माणसाच्या कानाला तो चांगलाच वाटतो, आणि बरेच दुकानदार याच जोरावर माल खपवतात. एकदा कोणीतरी पातळी सारखी करून दाखवली की तुमचं नाव जातं.

कायदा पण याच बाजूला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर नाही, सरकारने जाहीर केलेले मोजके दिवस सोडून. सामान जप्त झालं तर भाडं तर जातंच, सामान सोडवायला हेलपाटे वेगळे. नीट कापलेला आवाज कमी पातळीवर पण कळतो. मोठा पण घोळलेला आवाज शेजाऱ्याला ऐकू जातो आणि मांडवातल्या माणसाला कळत नाही, म्हणजे दोन्हीकडून बोंब.

"पण गिऱ्हाईकच म्हणतं छातीत धडधडलं पाहिजे," असं तुम्ही म्हणाल. म्हणतात, खरंय. वरातीला मी ते काम घेतच नाही, दुसऱ्याकडे पाठवतो. सुरुवातीला दोन-तीन कामं गेली, सीझनला पोटाला चिमटा बसला. ते नाकारत नाही. तुमच्यावर हप्ते असतील तर तुम्हाला हे लगेच जमणार नाही, आणि त्यासाठीच सांगतोय की आधी हप्ते अंगावर घेऊ नका. लहान सेट, वापरलेला इक्वलायझर, मोजायचा माईक, चांगल्या वायरी, आणि तीन महिने गावातल्या भजनी मंडळाला फुकट साऊंड लावा. कान तिथे तयार होतो.

तात्या दीड वर्षाने परत आले. दुकानात नाही, सप्ताहात भेटले. कीर्तन संपल्यावर मागून येऊन म्हणाले, "आज मागं बसलो होतो, सगळं कळलं." मग जरा थांबून, "कार्तिकात तुळशीचं लग्न झालं की ये, तारखा बघू."

तो ६८ हजारांचा ॲम्प अजून दुकानात काउंटरखाली आहे. शेवटचा हप्ता फिटला, पण तो लावायची वेळ नंतर एकदाच आली. कोणाला हवा असेल तर देतो, पण आधी तुमच्या हॉलचे फोटो घेऊन या.